खासबागेतील नाट्यगृह

कोल्हापूरच्या खासबागेत दोन वास्तू पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. एका बाजूला कुस्तीचे गोल मैदान, दुसऱ्या बाजूला नाट्यगृह. दोन्ही एकाच माणसाच्या मनातून आल्या. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभासाठी इंग्लंडला गेले. त्या प्रवासात त्यांनी युरोपातली नाट्यगृहे पाहिली, रोमचे कलोसियम पाहिले. परत आल्यावर त्यांनी आपल्या राजधानीसाठी दोन गोष्टी योजल्या. हजारो माणसांना एका वेळी लाल मातीतली कुस्ती दिसावी असे मैदान, आणि मराठी नाटकाला साजेसे दगडी थिएटर. मैदान १९१२ साली पूर्ण झाले. नाट्यगृहाचे काम ऑक्टोबर १९१३ मध्ये सुरू झाले आणि ऑक्टोबर १९१५ मध्ये ते रसिकांसाठी खुले झाले. त्याचे नाव ठेवले गेले पॅलेस थिएटर.

या संस्थेचा इतिहास लिहायचा तर हे शेजारपण आधी सांगितले पाहिजे. संस्थानिकांनी थिएटरे बांधल्याची उदाहरणे हिंदुस्थानात इतरत्रही आहेत. पण पहिलवान आणि नट यांना एकाच आवारात, एकाच मानाने जागा देणारा राजा विरळा. थिएटरच्या पाठीमागे मैदानाकडे तोंड करून खुला रंगमंच होता. आत निवडक शेकड्यांनी प्रेक्षक बसत, बाहेर मैदानाच्या उतारावर हजारोंनी बसू शकत. तिकीट काढून आत येण्याची ऐपत नसलेल्या माणसालाही नाटक दिसावे, ही सोय वास्तूच्या आराखड्यातच होती. महाराजांच्या इच्छेवरून केशवराव भोसले यांनी इथल्या खुल्या रंगमंचावर ‘मृच्छकटिक’चा प्रयोग केला आणि ध्वनिक्षेपकाशिवाय त्यांचे गाणे शेवटच्या माणसापर्यंत पोहोचले, ही आठवण कोल्हापुरात घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

केशवराव कोल्हापूरचेच. जन्म ९ ऑगस्ट १८९०. लहानपणीच ‘स्वदेशहितचिंतक’ नाटक मंडळीत दाखल झाले आणि देवलांच्या ‘शारदे’ची भूमिका करून त्यांनी उभा महाराष्ट्र वेडा केला. १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांनी स्वतःची ‘ललितकलादर्श’ मंडळी काढली. तेव्हा त्यांचे वय अठरासुद्धा नव्हते. मामा वरेरकरांची ‘हाच मुलाचा बाप’ आणि ‘संन्याशाचा संसार’ ही सामाजिक नाटके त्यांनी रंगभूमीवर आणली. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’मध्ये बालगंधर्व भामिनी होते आणि केशवराव धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी ते गेले. वय अवघे एकतीस. पुढच्या वर्षी मे महिन्यात शाहू महाराजही गेले. ज्याने थिएटर बांधले तो आणि ज्याच्या आवाजासाठी ते बांधले असे वाटावे तो, दोघेही वास्तू सात वर्षांची होण्याआधीच नाहीसे झाले. संस्था मात्र चालली. मला हीच तिची पहिली कसोटी वाटते.

ती चालली याचे कारण गावात होते. अल्लादियाखाँसाहेब दरबारचे गवई म्हणून इथे वर्षानुवर्षे राहिले. ‘मानापमान’च्या चाली बांधणारे गोविंदराव टेंबे इथलेच. १८८३ साली स्थापन झालेला देवल क्लब हाकेच्या अंतरावर. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंचे पडदे मोठमोठ्या नाटक मंडळ्या घेऊन जात. पुढे बाबूरावांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून चित्रपटाचा धंदा उभा राहिला आणि बोलपट आल्यावर नाटक मंडळ्या एकामागून एक बसल्या. महाराष्ट्रातली कितीतरी थिएटरे त्या लाटेत सिनेमागृहे झाली, काही पाडली गेली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रयाचे दिवस संपले, तरी खासबागेतले थिएटर उभेच राहिले. १९५७ साली त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव दिले गेले. पॅलेस थिएटर हे राजवाड्याशी नाते सांगणारे नाव जाऊन एका नटाचे नाव आले. नगरपालिका आणि पुढे महानगरपालिका त्याची धनी झाली.

त्यानंतरच्या साठ-सत्तर वर्षांचा इतिहास तारखांत मावणारा नाही, कारण तो रोजच्या वापराचा आहे. राज्य नाट्यस्पर्धेची कोल्हापूर केंद्राची प्राथमिक फेरी, शाळांची स्नेहसंमेलने, व्यावसायिक नाटकांचे दौरे, संगीत सभा, शोकसभा, सत्कार. बँकेत कारकुनी करून संध्याकाळी तालमीला जाणारा हौशी नट, दिवसभर गॅरेजमध्ये राबून रात्री लाइटची शिडी धरणारा मुलगा, विंगेत प्रॉम्प्टिंगची वही घेऊन उभी असलेली शिक्षिका अशा माणसांनी हे नाट्यगृह जिवंत ठेवले. त्यांची नावे कोनशिलेवर नाहीत आणि स्मरणिकेच्या पानांतही ती सगळी बसणार नाहीत. पण कोल्हापुरात ज्याने म्हणून एकदा तोंडाला रंग लावला, त्याने तो बहुधा इथल्याच मेकअप रूममध्ये लावला.

वास्तूही या काळात बदलत गेली. दिवे बदलले, विजेच्या तारा आल्या, ध्वनिक्षेपक आले. खुर्च्या अनेकदा बदलल्या. शताब्दीच्या आगेमागे मोठे नूतनीकरण झाले. आतले लाकूडकाम, गालिचे, पडदे, वातानुकूलन यांमुळे नाट्यगृहाला नवे रूप आले. कोल्हापूरकर त्याच्याकडे जुनी वास्तू म्हणून अभिमानाने पाहत. त्यातले किती जुने आणि किती नवे, याचा विचार करण्याची वेळ कोणावर आली नव्हती.

ती आली ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री.

रात्री दहाच्या सुमारास मैदानाकडच्या बाजूने धूर दिसू लागला आणि बघता बघता आगीने रंगमंच आणि प्रेक्षागृह गिळले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची १३४ वी जयंती होती. त्यांच्या नावाची वास्तू त्यांच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्री जळाली. नाट्यगृहांत आग इतक्या झपाट्याने का पसरते, हे रंगमंचामागे वावरलेल्याला सांगायला नको. उंच पोकळीत लोंबणारे पडदे, कापड आणि लाकडाच्या फ्रेमचे नेपथ्य, रंग, फोम भरलेल्या खुर्च्या आणि या सगळ्यातून गेलेल्या विजेच्या तारा. रंगमंचाची उंची धुराड्यासारखे काम करते. खालची आग वर ओढली जाते आणि छताशी पोहोचली की प्रेक्षागृहात उतरते. व्हिएन्नाचे रिंग थिएटर ८ डिसेंबर १८८१ रोजी असेच पेटले आणि शेकडो माणसे मेली. शिकागोच्या इरोकॉय थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ रोजी भर प्रयोगात सहाशेवर माणसे दगावली, त्यांत बायकामुले जास्त. कोल्हापुरात त्या रात्री प्रयोग नव्हता. एकाही माणसाचा जीव गेला नाही. शोक कितीही मोठा असला तरी ही गोष्ट आधी लिहून ठेवली पाहिजे.

सकाळी लोक जमू लागले. बॅकस्टेजवाले, नट, गायक, पहिलवान, शेजारपाजारचे दुकानदार. मोठमोठ्या माणसांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. जयंतीचा हार घालण्याऐवजी सगळे राखेसमोर उभे होते, आणि त्याच गर्दीतून मागणी उठली: नाट्यगृह होते तसे उभे करा. राज्य शासनाने पुनर्बांधणीसाठी वीस कोटी रुपये जाहीर केले, महापालिकेने काम हाती घेतले. छत गेले होते, रंगमंच गेला होता, खुर्च्या आणि यंत्रसामग्री गेली होती. दर्शनी भाग आणि दगडी भिंती उभ्या होत्या.

‘होते तसे’ या मागणीमागची माया खरी आहे आणि मी त्या मागणीच्या बाजूने आहे. पण होते ते कधीचे? १९१५ चे? नावाची पाटी बदलली तेव्हाचे? की ७ ऑगस्ट २०२४ चे? जे जळाले त्यातले बरेचसे शाहूकालीन नव्हते, अलीकडच्या नूतनीकरणांचे होते. जे उरले ते बहुतांशी शाहूंच्या गवंड्यांचे काम आहे. आगीने निर्दयपणे का होईना, पण थर उकलून दाखवले. म्हणून पुनर्बांधणीचा विचार भिंतींपासून सुरू व्हायला हवा.

काळा दगड आगीत टिकतो. मात्र उभा राहिला म्हणजे धडधाकट राहिला असे नसते. तापलेल्या दगडावर बंबाचे पाणी पडले की बाहेरचा थर तडकतो, पापुद्रे सुटतात. सांध्यांतला चुना तापून भुसभुशीत होतो. वरून भिंत सरळ दिसते आणि आतून सैल झालेली असते. म्हणून एकेक भाग ठोकून, तपासून, लागेल तिथे दगड काढून पुन्हा बसवावा लागतो, दरजा नव्याने भराव्या लागतात आणि त्या चुन्यातच भराव्या लागतात. सिमेंट लवकर घट्ट होते, काम स्वस्तात उरकते, पण चुन्यात बांधलेल्या भिंतीला ते मानवत नाही. चुना थोडी हालचाल सोसतो, ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांनी दगडच झिजू लागतो. घाणीवर चुना मळणारे कारागीर आता थोडे उरले आहेत. अशा कामाच्या निमित्ताने दहा तरुण गवंडी हे शिकले, तर त्यांचे हात कोल्हापूरच्या इतर वाड्यांनाही लागतील.

छताचा प्रश्न वेगळा. जुन्या लाकडाबद्दल आपल्या मनात भीती असते, पण जाडजूड सागवानी तुळई बाहेरून कोळसा होत हळूहळू जळते आणि आतला गाभा बराच वेळ भार धरून ठेवतो. पोलाद जळत नाही, मात्र साडेपाचशे अंशांच्या आसपास त्याची निम्मी ताकद जाते आणि ते वाकते. तेव्हा लाकूड वाईट आणि लोखंड चांगले, इतके हे सोपे नाही. नवे छत नव्या विद्येचे असावे, आगीपासून राखलेले असावे आणि त्याचा भार जुन्या भिंतींना पेलणारा असावा. त्याने जुन्याचे सोंग घेण्याची गरज नाही. रंगमंच आणि प्रेक्षागृह यांच्यामध्ये पडणारा अग्निरोधक पडदा, आपोआप सुटणारे पाण्याचे फवारे, धुराची सूचना देणारी यंत्रणा, बाहेर उघडणारी दारे, तारांची वेगळी वाट यांबाबत १९१५ चे काहीही राखायचे नाही. व्हिएन्ना आणि शिकागोच्या मृतांनी जगाला जे शिकवले, ते इथे जसेच्या तसे यायला हवे.

मग राखायचे काय? माझ्या मते तीन गोष्टी. दगडी भिंती आणि दर्शनी भाग तर सगळेच राखतील. दुसरी, मैदानाकडचा रंगमंच. आग त्या बाजूला दिसली म्हणून तो भाग बंद करून टाकण्याचा मोह होऊ शकतो. तो बंद झाला तर शाहू महाराजांची मूळ कल्पनाच बुजवली जाईल आणि उरेल ते कुठल्याही शहरातले एक वातानुकूलित सभागृह. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: आवाज.

जुन्या नटांना विचारा, ते पहिल्यांदा आवाजाबद्दलच बोलतील. प्रेक्षकाच्या नजरेच्या आड येणारा खांब मध्ये नसलेले ते प्रेक्षागृह संगीत नाटकाच्या मापाने बांधलेले होते. गद्य संवाद स्पष्ट ऐकू यायचा तर खोलीतला नाद लवकर विरायला हवा, गाण्याला मात्र तो थोडा रेंगाळलेला लागतो. संगीत नाटकात एकाच तोंडून दोन्ही येते, त्यामुळे वास्तूला दोन्हींमधला तोल साधावा लागतो. लांबी, रुंदी, छताची उंची, बाल्कनीची पुढे आलेली कड, फळ्यांची जमीन, भिंतीचा गिलावा आणि खुर्चीतला कापूससुद्धा या तोलात भाग घेतो. यांतले एक बदलले तरी आवाज बदलतो. म्हणून खुर्च्या निवडणे हे ठेकेदाराच्या नमुन्यांतून रंग पसंत करण्याचे काम नाही, नादशास्त्र जाणणाऱ्याने करायचे काम आहे.

‘होते तसे’ उभे करण्याचा एक दाखला परदेशात आहे. व्हेनिसचे ला फेनिचे हे ऑपेरागृह २९ जानेवारी १९९६ रोजी जळाले. दुरुस्तीसाठी आजूबाजूचे कालवे कोरडे केलेले, त्यामुळे आग विझवणाऱ्या बोटी जवळ येऊ शकल्या नाहीत. ते त्याआधी १८३६ मध्येही जळाले होते आणि वर्षभरात पुन्हा उभे राहिले होते. या वेळी व्हेनिसकरांनी ठरवले: जसे होते तसे, जिथे होते तिथे. हा निर्धार त्यांनी त्यांच्याच शहरात एकदा पाळलेला होता. सेंट मार्क चौकातला घंटामनोरा १९०२ साली, म्हणजे शाहू महाराज युरोपात गेले त्याच वर्षी कोसळला आणि दहा वर्षांनी तसाच उभा केला गेला. फेनिचेची पुनर्बांधणी डिसेंबर २००३ मध्ये पुरी झाली. ती शक्य झाली कागदपत्रांमुळे. जुने नकाशे होते, छायाचित्रे होती. लुकिनो व्हिस्कोंती यांच्या ‘सेन्सो’ या १९५४ च्या चित्रपटात प्रेक्षागृहाचा अंतर्भाग चित्रित झालेला होता आणि नक्षीकामासाठी त्या चित्रपटाची चौकट न् चौकट तपासली गेली. इतकेच नव्हे, आग लागण्याच्या काही काळ आधी काही अभ्यासकांनी तिथल्या नादाची मोजणी करून ठेवली होती. जळालेल्या थिएटरचा आवाज कसा होता हे आकड्यांत शिल्लक होते.

आपल्याकडचे जुने दाखलेही बोलके आहेत. मे १८७९ मध्ये पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा एकाच रात्री पेटवले गेले. विश्रामबागेचा जळालेला भाग लोकवर्गणीतून पुन्हा बांधला गेला आणि तो वाडा आजही उभा आहे. बुधवार वाडा पुन्हा उभा राहिला नाही. आज पुण्यात वावरणाऱ्या माणसाला तो कुठे होता हेही सांगता येत नाही. दोन्ही पेशव्यांचेच, दोन्ही एकाच रात्री जळालेले, फरक फक्त नंतर लोकांनी काय केले एवढाच. आणि खुद्द कोल्हापुरात, गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या दंगलीत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला गेला. ‘मीठभाकर’ या चित्रपटाचे काम त्यात जळाले. भालजींनी कर्ज काढून स्टुडिओ उभा केला आणि चित्रपट पहिल्यापासून पुन्हा केला. राखेतून काम कसे सुरू करायचे हे या गावाला बाहेरून शिकावे लागत नाही.

एक गोष्ट मात्र पैशांतून किंवा दगडांतून येणार नाही. नाट्यगृह बंद असण्याच्या काळात संस्था विखुरते. स्पर्धेची नाटके दुसऱ्या जागी करावी लागतात, तिथल्या रंगमंचाचे माप वेगळे, नेपथ्य कापावे लागते. दौऱ्यावरची मंडळी कोल्हापूर वगळून सांगलीकडे वळतात. पडद्यामागच्या मजुरीवर पोट असलेला माणूस दुसरा धंदा धरतो आणि परत येत नाही. म्हणून उशीर हाही एक प्रकारचा नाशच आहे, हे काम करणाऱ्या प्रत्येक खात्याने ध्यानात घ्यावे. तितकेच भान भाड्याचेही ठेवावे. नवे नाट्यगृह इतके महाग झाले की हौशी संस्थेला सोसवेना, तर दगड राखूनही नाट्यगृह गमावल्यासारखे होईल. शाहू महाराजांनी मैदानाच्या उतारावरच्या माणसाला नाटक दाखवायची सोय केली होती, तेव्हा बुकिंग खिडकीवरचा दर हा वारशाचाच भाग आहे.

फेनिचे कागदपत्रांमुळे उभे राहिले, म्हणून या स्मरणिकेच्या वाचकांकडे एक मागणे. आपापल्या घरातल्या ट्रंका, अल्बम, जुन्या कॅसेटी काढून पाहा. स्नेहसंमेलनातला एखादा फोटो, ज्यात मुलीच्या नाचामागे रंगमंचाची कमान दिसते. बक्षीस समारंभातला फोटो, ज्यात बाल्कनीचा कठडा आला आहे. प्रयोगाची जाहिरात, तिकिटाचा अर्धा तुकडा, जुन्या बैठकव्यवस्थेचा छापील तक्ता. आणि विशेषतः ध्वनिमुद्रणे: विंगेत टेपरेकॉर्डर ठेवून कोणी एखादा प्रयोग किंवा मैफल उतरवून घेतली असेल, तर ती फीत, कितीही खरखरीत असली तरी, फार मोलाची आहे. टाळी वाजल्यावर तिचा नाद त्या खोलीत किती वेळ राहत असे, ते जाणकाराला त्या फितीवरून काढता येते. मूळ वस्तू तुमच्याकडेच ठेवा, तिची प्रत द्या. मागे साल, कार्यक्रम आणि फोटो कुठे उभे राहून काढला ते पेन्सिलीने लिहा. भिंतींचे काम आधी होईल आणि आतली सजावट शेवटी. तोवर हे जमवायला वेळ आहे.